मार्स्टन मूर, बारा फूट बाय सहा फूट

इंग्लंडच्या राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धातली मार्स्टन मूरची लढाई २ जुलै १६४४ रोजी संध्याकाळी सातच्या सुमाराला सुरू झाली. दुपारभर दोन्ही फौजा एकमेकींसमोर नुसत्या उभ्या होत्या. आज काही लढाई होत नाही असं धरून राजाकडचा सेनापती प्रिन्स रुपर्ट जेवायला गेला आणि त्याचा जोडीदार मार्क्विस ऑफ न्यूकॅसल आपल्या बग्गीत बसून पाइप ओढू लागला. तेवढ्यात पावसाच्या सरीबरोबर समोरची पार्लमेंटची सगळी फळी टेकाडावरून खाली उतरली. ही लढाई टेबलावर पुन्हा लढायची तर पहिला प्रश्न हाच येतो, की जे सगळ्या खेळाडूंना आधीच ठाऊक आहे त्याने कोणाला चकित कसं करायचं? आमच्या क्लबात या एका प्रश्नावर जेवढी वादावादी झाली, तेवढी रंगांवर आणि फाशांवर मिळूनही झाली नाही.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीनिमित्त लीड्सला आले आणि इथेच स्थायिक झाले. इथे चर्चच्या हॉलमध्ये एक छोटा वॉरगेम क्लब भरतो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे मांडतो तसे धातूचे चिमुकले शिपाई मोठ्या टेबलावर मांडायचे, पण प्रत्येक तुकडी किती इंच सरकेल, बंदूक कुठवर पोचेल, कोण घाबरून पळेल हे सगळं नियमांनी आणि फाशांनी ठरतं. खेळाडू सेनापती होतात आणि एक जण पंच. आमचे पंच म्हणजे निवृत्त झालेले भूगोलाचे एक शिक्षक. मी त्यांना मनातल्या मनात आबा म्हणते, इथेही तेच म्हणेन.

मार्स्टन मूर निवडण्यामागे साधं कारण होतं, ते मैदान आमच्या घराजवळ आहे. यॉर्कच्या पश्चिमेला लाँग मार्स्टन आणि टॉकविथ ही दोन गावं आहेत, त्यांच्या मधल्या रस्त्यावर दगडी स्मारक उभं आहे. त्या स्मारकाशी उभं राहिलं की दक्षिणेला जमीन हळूहळू चढत जाते. चढ असा की सायकलवाल्याला जाणवेल, मोटारवाल्याला जाणवणारही नाही. पण वर झाडांच्या त्या झुबक्यापाशी गेलं, ज्याला लोक अजून क्रॉमवेलचं नाव देतात, की खालचं सगळं मैदान तळहातासारखं दिसतं. वर उभ्या असलेल्या फौजेला खालच्या फौजेची प्रत्येक हालचाल दिसत होती. खालच्यांना मात्र वरची फक्त पहिली रांग दिसणार, तिच्यामागे काय आहे ते नाही. आमच्या खेळातला पहिला नियम तिथे चालतानाच सुचला: राजाच्या बाजूच्या खेळाडूंना पार्लमेंटची मागची फळी बघायला मिळणार नाही, तिथे नुसते कोरे पुठ्ठे ठेवायचे.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ मध्ये युद्ध पेटलं. १६४४ च्या सुरुवातीला स्कॉटिश फौज पार्लमेंटच्या मदतीला इंग्लंडात उतरली आणि वसंतात यॉर्कला वेढा पडला. वेढा फोडायला रुपर्ट आला. समोरचे लोक सरळ वाटेवर त्याची वाट बघत बसले आणि तो उत्तरेकडून बरोब्रिजमार्गे वळसा घालून शहराशी पोचला. या एका चालीसाठी त्याला मानलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याने लढाई द्यायचं ठरवलं. त्याच्याकडे सुमारे १८,००० माणसं होती. समोर लॉर्ड लेव्हनचे स्कॉट, फेअरफॅक्स बापलेकांची यॉर्कशरची फौज आणि अर्ल ऑफ मँचेस्टरची पूर्वेकडची फौज, असे मिळून सुमारे २८,०००. मँचेस्टरच्या घोडदळाचा सरदार ऑलिव्हर क्रॉमवेल. (त्या वर्षी आपले शिवराय चौदा वर्षांचे होते. हा काळ डोळ्यांपुढे आणायला मला ती एक गोष्ट पुरते.)

रचना मांडायला दोन जुने कागद उपयोगी पडले. रुपर्टचा अभियंता बर्नार्ड द गोम याने काढलेला राजाच्या फौजेचा आराखडा आहे, त्यात पायदळाचे चौकोन आणि घोडदळाच्या तुकड्या एकेक करून दाखवल्यात. दुसरं रेखाटन स्कॉटांकडच्या सर जेम्स लम्सडेनचं, समोरच्या बाजूचं. द गोमचा आराखडा बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, की ही आखलेली रचना आहे, घडलेली नाही. न्यूकॅसलचं पायदळ सकाळी येणार होतं, ते आलं दुपारी चारच्या सुमाराला. उठलेल्या वेढ्याच्या छावण्या लुटण्यात आणि थकलेल्या पगाराच्या कुरबुरीत त्यांचा वेळ गेला. त्यांच्याबरोबर आलेल्या लॉर्ड एथिनला रुपर्टने आपला आराखडा दाखवला, तेव्हा तो म्हणाला, कागदावर हे फार छान आहे, पण मैदानावर असं काहीच नाही. या दोघांची जुनी खुन्नस होती. १६३८ मध्ये जर्मनीतल्या एका लढाईत रुपर्ट शत्रूच्या हाती सापडला होता, आणि त्याचं खापर लोक एथिनवर फोडत. आबांनी एथिनचं ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून हॉलच्या भिंतीवर लावलं आणि खेळ संपेपर्यंत काढू दिलं नाही.

टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. एका फुटाला अडीचशे मीटर धरले. मग बंदुकीचा कामाचा मारा शंभर मीटरचा, म्हणजे टेबलावर जेमतेम पाच इंच. हा आकडा नवख्या खेळाडूला पटत नाही, त्याला वाटतं बंदूक म्हणजे लांबून मारायची वस्तू. पण तोड्याच्या बंदुकीने एक बार काढून दुसरा भरेपर्यंत घोडेस्वार अंगावर येतो, म्हणून तर बंदूकवाल्यांच्या शेजारी पाच मीटरचे भाले घेतलेले लोक उभे करावे लागत. अंतरं मोजून टेबलावर ठेवली की हे न सांगता कळतं.

दोन्ही फौजांच्या मधोमध एक चर होता. लढाईच्या सगळ्या हकिकतींत तो येतो. मी थर्मोकोलच्या दोन पट्ट्या तिरक्या कापून, मध्ये बोटभर फट ठेवून, वरून पीव्हीए गोंद आणि वाळू लावून तो केला. टेकाडावर तेव्हा राय नावाच्या धान्याचं उभं पीक होतं. त्यासाठी काथ्याचं पायपुसणं कापलं आणि त्यावर पिवळट रंगाचा कोरडा ब्रश फिरवला. शिपाई उभे केले की कमरेपर्यंत बुडतात. पार्लमेंटच्या उजवीकडे काटेरी कुंपणांमधून जाणारी अरुंद वाट, तिच्या दोन्ही अंगांना झुडपं. याच वाटेने सर थॉमस फेअरफॅक्सला आपले स्वार बाहेर काढावे लागले होते, तेही राजाच्या बंदूकवाल्यांच्या माऱ्यात. ती कुंपणं मी जरा जास्तच जीव लावून केली, कारण फेअरफॅक्सची बगल का मोडली याचं उत्तर त्या कुंपणांत आहे असं माझं मत होतं आणि अजूनही आहे.

शिपाई १५ मिलिमीटरचे. बरेचसे क्लबातल्या लोकांकडे होतेच. माझ्या वाट्याला आले न्यूकॅसलचे पांढरे डगलेवाले. या लोकांना न रंगवलेल्या लोकरीचे डगले मिळाले होते. रंगवायचे राहू द्या, आम्ही ते शत्रूच्या रक्तात रंगवू, असं ते म्हणाले होते अशी गोष्ट सांगतात. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने पांढरा हा सगळ्यात अवघड रंग. थेट पांढरा फासला की शिपाई खडूचा दिसतो. मी आधी राखाडी प्राइमर मारला, त्यावर मातकट बदामी, मग पातळ तपकिरी वॉश सोडला. तो घड्यांमध्ये उतरून बसला की डगल्याच्या चुण्या आपोआप उठतात. तो वाळल्यावर खांद्यावर, बाहीच्या घडीवर आणि पाठीच्या उंचवट्यावर तेवढा साईच्या रंगाचा हात. खरा पांढरा रंग फक्त कॉलरच्या कडेला, सुईच्या टोकाएवढा. भाले धातूचे ओतीव होते, हात लागला की वाकायचे. ते कापून टाकले, मुठीला बारीक भोक पाडलं आणि पोलादी तार सुपरग्लूने बसवली. तार टोचते, रक्त काढते, पण वाकत नाही. रुपर्टचा बॉय नावाचा पांढरा पूडल कुत्रा प्रसिद्ध होता, तो या लढाईत मारला गेला. विरोधकांची पत्रकं त्याला सैतानाचा हस्तक म्हणत. तोही केला, रुपर्टच्या घोड्याच्या पायाशी.

आता नियम. या युद्धाचं मर्म घोडदळात आहे. १६४२ साली एजहिलला रुपर्टच्या स्वारांनी समोरची बगल उधळली आणि पळणाऱ्यांच्या मागे मैदानाबाहेर निघून गेले. १६४५ मध्ये नेसबीला पुन्हा तेच झालं. राजाच्याच बाजूच्या क्लॅरेंडन या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की राजाचे स्वार हल्ल्यात जिंकले तरी क्वचितच पुन्हा गोळा होत, क्रॉमवेलचे मात्र जिंकोत की हरोत, लगेच रांगेत येऊन पुढच्या हुकमाची वाट बघत. म्हणून आमचा नियम असा होता: लढत जिंकल्यावर प्रत्येक स्वार तुकडीने एक फासा टाकायचा. क्रॉमवेलच्या आणि त्याच्या जोडीच्या स्कॉटिश स्वारांचा सरदार डेव्हिड लेस्लीच्या लोकांना तीन किंवा जास्त पडले की ते थांबतात, राजाच्या लोकांना पाच किंवा सहाच पडले पाहिजेत. न थांबणारी तुकडी पाठलागावर सुटते आणि टेबलाच्या कडेवरून निघून जाते. शौर्यात कोणी कमी नव्हतं, पहिल्या धडकेच्या हिशेबात दोघांना सारखेच गुण होते.

आणि तो चकित करण्याचा प्रश्न. आबांचा तोडगा मला फार आवडला. खेळ संध्याकाळी सातला नाही, दुपारी दोनला सुरू करायचा. दर तासाला राजाच्या बाजूने ठरवायचं, कोणत्या तुकड्या शस्त्रं धरून सज्ज राहणार आणि कोणत्या बसून खाऊन घेणार. जो सज्ज राहील तो तासागणिक थकेल आणि नंतर त्याचे फासे उणे होतील. जो बसेल त्याला उठून रांग धरायला वेळ लागेल. इकडे पार्लमेंटच्या सेनापतीने हल्ल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून पाकीट पंचांकडे द्यायचं. लवकर केला तर टॅडकास्टरच्या वाटेने परत येणारं त्याचं स्वतःचं पायदळ अपुरं राहणार, उशीर केला तर न्यूकॅसलचे लोक पोचणार. म्हणजे इतिहास माहीत असून काही फायदा नाही. रुपर्ट जेवायला गेला याबद्दल त्याला नावं ठेवणं सोपं आहे. त्या टेबलाशी बसून दर तासाला माणसं उभी ठेवायची की बसवायची हे ठरवलं, तेव्हा मला त्याचा निर्णय अजिबात बेफिकिरीचा वाटला नाही.

मला राजाची डावी बगल मिळाली, म्हणजे लॉर्ड गोरिंग. खेळाआधी आबांनी एक पत्र वाचून दाखवलं, क्रॉमवेलने लढाईनंतर तीन दिवसांनी आपल्या मेव्हण्याला लिहिलेलं. विजयाची बातमी देता देता तो सांगतो की तुमचा थोरला मुलगा तोफेच्या गोळ्याने गेला, पाय कापावा लागला आणि त्यातच तो वारला. क्रॉमवेलचा स्वतःचा एक मुलगा त्याच वर्षी देवीने गेला होता. सर थॉमस फेअरफॅक्सचा भाऊ चार्ल्सही याच मैदानावर जखमी होऊन पुढे दगावला. आबा म्हणाले, "हे ऐकून घ्या आणि मग फासे उचला." कोणी काही बोललं नाही, सगळे आपापल्या बाजूला गेले.

पाकीट उघडलं पाच वाजता. खेळातल्या पाच वाजता. न्यूकॅसलचं पायदळ अजून निम्मंच आलं होतं आणि माझे पांढरे डगलेवाले यॉर्कच्या रस्त्यावर लांबट रांगेत, रचनेत नव्हतेच. एक फेरी म्हणजे वीस मिनिटं, नऊला अंधार, तेव्हा हातात बारा फेऱ्या.

माझ्याकडची लढाई भराभर झाली. फेअरफॅक्सचे स्वार कुंपणांतून बाहेर पडताना विस्कळीत झाले, माझ्या बंदूकवाल्यांनी पाच इंचांवरून बार काढले, आणि पहिल्या फळीने धडक देताच दोन तुकड्या मोडल्या. मग थांबण्याचा फासा. दोन पडला. दुसऱ्या तुकडीला तीन. दोन्ही पहिल्या दर्जाच्या तुकड्या, टेकाडावरून पलीकडे सामानाच्या गाड्यांकडे गेल्या त्या गेल्याच. खऱ्या लढाईत गोरिंगचं हेच झालं होतं, आणि माझ्याकडेही आता त्याच्यासारखीच सर चार्ल्स लुकासची मागची फळी उरली होती. ती मी उजवीकडे वळवून स्कॉटिश पायदळाच्या उघड्या कुशीत घातली. तिथे लिंडसे आणि मेटलंडच्या पलटणी होत्या. इतिहासात या दोन पलटणींनी भाले जमिनीत रोवून लुकासचे हल्ले परतवले, तिसऱ्या वेळी त्याचा घोडा पडून तो पकडला गेला. आमच्याकडे लिंडसेची पलटण दुसऱ्या धडकेत फुटली. मेटलंडची मात्र हलली नाही. निळ्या टोप्यांचा तो एकच ठोकळा, चहूबाजूंनी तारेचे भाले, आणि माझे घोडे त्याच्या भोवती. पंचांनी तीन वेळा धीराचा फासा टाकायला लावला, तिन्ही वेळा तो टिकला. शेजारच्या पलटणी मागे वळून पळायच्या बेतात होत्या, हा ठोकळा बघून थांबल्या.

दुसऱ्या टोकाला मात्र वेगळंच घडत होतं. इतिहासात राजाच्या उजव्या बगलेचा सरदार लॉर्ड बायरन चराच्या मागे थांबला नाही, पुढे गेला, आणि क्रॉमवेलने त्याला उधळलं. नंतर रुपर्टच्या गोटातून दोष त्याच्याच माथी आला. आमचा बायरन हा विद्यापीठात शिकणारा एक अबोल मुलगा. तो चरामागून तसूभर हलला नाही. क्रॉमवेलच्या खेळाडूला आधी ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरून येऊन पायउतार होऊन लढणारे बंदूकवाले, पाठवून चरातले बंदूकवाले हुसकावे लागले, त्यात चार फेऱ्या गेल्या. चर ओलांडून तो पलीकडे आला तेव्हा रांग विस्कटलेली, आणि समोर रुपर्टचे ताजे राखीव स्वार. तिथली हातघाई फेरीमागून फेरी चालली. शेवटी लेस्लीचे हलक्या घोड्यांवरचे स्कॉट बाजूने आले तेव्हा कुठे ती फळी मागे हटली. हटली, पण मोडली नाही.

मग क्रॉमवेलने फासा टाकला, थांबायचा. चार. त्याची एक तुकडी थांबली, दुसरी थांबली, तिसरीही थांबली. नवव्या फेरीला त्याच्याकडे रांगेत उभे असलेले आणि हुकमात असलेले स्वार होते, माझ्याकडे दमलेले घोडे आणि टेबलाबाहेर गेलेल्या दोन तुकड्या. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याने डाव्या बगलेला रोहिल्यांची दाणादाण उडवली होती, तरी दिवस आपल्या हातून गेला. ते शाळेपासून वाचलेलं. एक बगल जिंकून माणूस किती असहाय असू शकतो हे मला त्या नवव्या फेरीला कळलं. मी जिंकलेली जागा समोर रिकामी पडली होती, पण तिचा उपयोग करायला माझ्याकडे कोणी नव्हतं.

पांढरे डगलेवाले तोवर रस्त्यावरून उतरून मधल्या कुंपणाशी रांग धरू शकले होते. खऱ्या लढाईत ते सगळ्यांत शेवटी एकटे वेढले गेले, जीवदान नाकारत राहिले, आणि सांगतात की तीसही जिवंत उरले नाहीत. आमच्याकडे क्रॉमवेल त्यांच्याकडे वळला तेव्हा अकरावी फेरी चालू होती. बाराव्या फेरीअखेर अंधार पडला तेव्हा दोन पलटणी शाबूत होत्या आणि त्यांच्या आडोशाने रुपर्टचं बाकीचं पायदळ यॉर्ककडे निघालं होतं. मैदान पार्लमेंटकडे गेलं, पण राजाची उत्तरेकडची फौज जिवंत राहिली. प्रत्यक्षात राजाकडचे सुमारे ४,००० लोक मेले, न्यूकॅसल देश सोडून गेला आणि दोन आठवड्यांत, १६ जुलैला, यॉर्क शरण आलं.

नंतर बायरनवरून कडाक्याचा वाद झाला. त्या मुलाचं म्हणणं, मी थांबलो म्हणून फौज वाचली, तेव्हा दोष खऱ्या बायरनचाच. एका डावाने असं सिद्ध होत नाही हे मी म्हटलं, आणि पुन्हा म्हणेन: आमच्याकडे हल्ला पाचला आला, तेव्हा राजाच्या बहुतेक तुकड्या सज्ज होत्या. संध्याकाळी सातला, पावसात, तोड्याच्या वाती भिजलेल्या असताना चरातले बंदूकवाले किती टिकले असते? ते टिकत नाहीत असं दिसलं तर घोडदळाच्या सरदाराने उभ्या उभ्या धडक घ्यायची की पुढे जायचं? घोडदळाने उभं राहून धडक घेऊ नये, हे तर तेव्हाचा कोणताही स्वार सांगू शकला असता.

मला नियमातली एक गोष्ट खटकली आणि ती आबांनाही पटली. राजाच्या सगळ्या स्वारांना थांबायला पाच हवेत, हे सरसकट आहे. लुकासने मागची फळी वळवली ती काही नशिबाने नाही, तो स्वतः तिच्याबरोबर होता म्हणून. तेव्हा आता असं ठरलंय की सरदाराची मूर्ती ज्या फळीबरोबर असेल त्या फळीच्या फाशात दोन मिळवायचे, पण त्याला एकाच फळीबरोबर राहता येईल. गोरिंगने पहिल्या धडकेत पुढे जायचं की मागे थांबायचं, हे खेळाडूने लढाईआधी सांगायचं. पुढचा डाव याच नियमाने, हल्ला सातलाच, आणि पहिल्या तीन फेऱ्या पावसात. मी लेस्लीचे स्कॉट मागून घेतलेत.